आशाताई, आईच्या पायासाठी तुमचे आभार

आशाताई,

हे पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितो आहे, कारण आमच्या वस्तीत आरोग्याचं काम करणाऱ्या आशा कार्यकर्त्या म्हणून तुम्ही आम्हाला जे शिकवलंत ते नागपुरातल्या कितीतरी घरांच्या कामाचं आहे.

आईला हत्तीपाय. आमची वस्ती नाग नदीच्या काठची, नाल्यांचं घाण पाणी आणि मच्छर पाचवीलाच पुजलेले. सूज ती निमूटपणे सोसायची, पण घाबरायची तापाला. थंडी वाजून ताप भरायचा, जांघेत अवधाण, म्हणजे दुखरी गाठ, यायचं, पाय लालबुंद व्हायचा. ताप उतरला तरी सूज थोडी वाढूनच राहायची. कुणी लेप सुचवला, कुणी कढत पाण्याचा शेक.

तुम्ही आलात, खाली बसलात, तो पाय हातात घेतलात आणि बोटांच्या बेचक्या उघडून पाहिल्यात. तिथे चिखल्या होत्या. तोवर तिथे कुणी पाहिलंच नव्हतं!

मग तुम्ही समजावलंत. रक्तातून झिरपलेलं पाणी लसिकावाहिन्या गोळा करतात आणि मानेच्या बुडाशी परत रक्तात सोडतात. या वाहिन्यांना हृदयासारखा पंप नाही. त्यांचं स्वतःचं आकुंचन आणि चालताना पोटऱ्यांचा पडणारा दाब, यांवर पाणी वर चढतं. ते मागे येऊ नये म्हणून आत झडपा असतात. वाटेतल्या गाठींमध्ये पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात, म्हणून पायाला जखम झाली की जांघेत गाठ दुखते. हत्तीरोगाचे जंत नेमके याच वाहिन्यांत वर्षानुवर्षं राहतात. वाहिन्या फुगतात, झडपा निकामी होतात, पाणी पायातच साचतं आणि शरीराचा पहाराही तिथे ढिला पडतो. आईचा तो ताप मच्छराने आणलेल्या जंतांचा नव्हता, चिखल्यांतून शिरलेल्या साध्या जीवाणूंचा होता. हे कळलं आणि आमची हतबलता गेली.

रोज साधा साबण, थंड पाणी, हलक्या हाताने धुणं. बेचक्या मऊ कापडाने कोरड्या करणं, डॉक्टरांनी दिलेलं मलम, बसताना पाय उंचावर, घोट्याचा व्यायाम. टब आणि टॉवेलसुद्धा तुम्हीच आरोग्य केंद्रातून मिळवून दिलेत. पाय पूर्वीसारखा होणार नाही, हेही तुम्ही आईला प्रेमाने पण स्पष्ट सांगितलंत. त्या खरेपणाबद्दल मला तुमचा फार आदर वाटतो. ताप येणं थांबलं. यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आई नागपूरच्या महाल भागात पिवळी मारबत, म्हणजे रोगराई घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची मिरवणूक, बघायला गेली आणि ‘रोगराई घेऊन जा गे मारबत’ म्हणून सगळ्यांबरोबर ओरडली.

गोळ्यांबद्दलही आभार मानायचे आहेत. 2019 साली नागपूर जिल्ह्यात हत्तीरोगाविरुद्ध तीन औषधांची मोहीम सुरू झाली, तेव्हा ‘आम्हाला काही झालेलं नाही, मग गोळ्या कशाला?’ असं गल्लीत सगळे म्हणत. लक्षणं नसलेल्या माणसाच्या रक्तातही रात्री जंतांची पिल्लं फिरतात, मच्छर ती उचलून दुसऱ्याला देतो, हे तुम्ही दारोदार न कंटाळता सांगितलंत. आधी जेवायला लावून समोर गोळ्या गिळायला लावल्यात. गरोदर बाया आणि 2 वर्षांखालची लेकरं आठवणीने वगळलीत. कुणाला थोडा ताप आला, तर संध्याकाळी पुन्हा विचारपूस करायला आलात.

पुढच्या मोहिमेला आमच्या गल्लीत याल तेव्हा मला आवाज द्या. आई म्हणते, तीही येईल. जे गोळी नको म्हणतात त्यांना ती स्वतःचा पाय दाखवणार आहे.

तुमचा,
गल्लीतला एक भाऊ