मामांच्या तीन गोळ्या : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. श्री. प्रकाश आबिटकर,
सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापुरात 22 वर्षं औषधाचं दुकान चालवतो. माझे सत्तरीतले मामा करवीर तालुक्यात ऊस करतात. त्यांना रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारी गोळी चालू होती. एप्रिलमध्ये गुडघे धरले म्हणून त्यांनी एका दुकानातून डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचं औषध घेतलं. चिठ्ठीशिवाय ते विकायचं नाही असा नियम आहे, पण चिठ्ठी कुणी मागितली नाही. त्यात दोन दिवस जुलाब झाले. आठव्या दिवशी पाय सुजले, लघवी जवळजवळ थांबली. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी नीट गाळत नसली की रक्तात साठणारा घटक, 6.2 वर गेलं. तीनदा डायलिसिस करावं लागलं. आता ते घरी आहेत, पण आकडा 2 च्या खाली येत नाही.

मला सलतं ते हे, की ते माझ्याकडे आले असते तरी त्यांची किडनी आधीच निम्मी झाली आहे हे मलाही कळलं नसतं. कुठल्याच कागदावर तसं लिहिलेलं नव्हतं.

मामांना मी पाटाच्या भाषेत समजावलं. किडनीच्या गाळणीला रक्त आत यायचं एक दार, बाहेर जायचं दुसरं. टेल्मिसार्टन बाहेरचं दार सैल करतं, डायक्लोफेनॅक आतलं आवळतं, आणि लघवीची गोळी नि जुलाब मिळून मुळात पाणीच कमी करतात. मग गाळायला दाब कुठून येणार? धडधाकट किडनी बहुधा यातून निभावते. थकलेली बसते.

असाच धोका दुसऱ्या तीन गोळ्यांचा. टेल्मिसार्टनबरोबर स्पायरोनोलॅक्टोन ही लघवी वाढवणारी गोळी चालू असताना लघवीच्या जळजळीवर कोट्रायमॉक्साझोल हे अँटिबायोटिक दिलं, तर तिन्हींनी रक्तातलं पोटॅशियम वाढतं, आणि फार वाढलं तर हृदय थांबू शकतं. वर आजाऱ्याला मायेनं शहाळं पाजतो, त्यातही पोटॅशियमच.

नुसतं क्रिएटिनिन बघूनही फसगत होते. 70 वर्षांच्या बाईचं 1.4 आलं की घरचे म्हणतात, थोडंच वाढलंय. हिशेब केला तर गाळण्याची क्षमता, म्हणजे ईजीएफआर, 40 च्या आसपास निघते. तीच 30 च्या खाली गेली तर साखरेवरची मेटफॉर्मिनसुद्धा बंद करावी लागते.

औषध प्रशासन आपल्या खात्यात नाही, हे मी जाणतो. पण प्राथमिक आरोग्य केंद्रं आपली आहेत. तिथे 30 वर्षांपुढच्या माणसांचा रक्तदाब आणि साखर तपासतात. ज्यांना गोळ्या चालू आहेत त्यांचं क्रिएटिनिन वर्षातून एकदा तरी तपासावं, आणि ईजीएफआरचा आकडा तारखेसह केसपेपरवर ठळक छापावा. त्याखाली मराठीत एक ओळ हवी : ‘डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुखण्याची गोळी घेऊ नये. जुलाब, उलट्या झाल्यास लगेच डॉक्टरांना दाखवावे.’ आकडा समोर असला तर काउंटरवरचा माझ्यासारखा माणूस हात आखडता घेईल.

सुरुवात आपल्याच मतदारसंघातल्या राधानगरी, भुदरगडच्या केंद्रांपासून करावी. तिथल्या लोकांना आपण नावानिशी ओळखता.

आपला,
एक औषधविक्रेता, कोल्हापूर