परवा पहाटेचा लॉग

प्रिय मित्रा,

सात महिने पत्र नाही, आणि आज लिहितोय तेही रात्री दीड वाजता. हवं तेवढं रागाव, पण वाच: परवा आपल्या ऑफिसच्या मेल सर्व्हरमध्ये कुणीतरी घुसलं. घरी सांगितलं तर ‘मग पासवर्ड बदला ना’ म्हणतील. तब्येत बरी आहे, पाठ मधूनमधून धरते.

ऑफिसचे मेल घरून बघता यावेत म्हणून साहेब कधीपासून मागे लागले होते. मी फायरवॉलवर मेलचे ९९३ आणि ५८७ हे पोर्ट, म्हणजे आत यायची दारं, उघडले, सर्टिफिकेट चढवलं, चुकीचे पासवर्ड टाकणाऱ्याला अडवणारं फेलटूबॅन लावलं. सगळे खूश. तू तेव्हा फोनवर बजावलं होतंस, दार उघडण्याआधी किल्ल्या कुणाकुणाकडे आहेत ते मोज म्हणून. मी मोजल्या नाहीत.

हिशेब विभागाचं सामायिक खातं आठवतं? आपण दोघांनीच केलं होतं, पासवर्ड म्हणजे कंपनीचं नाव आणि पुढे १२३. तोच अजून चालू होता! परवा पहाटे तो कुणाच्या तरी हाती लागला. लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, वाचताना घशाला कोरड पडली. एका आयपीवरून, म्हणजे नेटवरच्या एका पत्त्यावरून, एकच प्रयत्न, मग तासाभराने दुसऱ्याच आयपीवरून. एका आयपीवरून पाच चुका झाल्या की बंदी, हा माझा नियम एकदाही लागला नाही. सकाळी बाहेर जायच्या रांगेत हजारो मेल. आपल्याच सर्व्हरवरून निघालेले, त्यामुळे मेल खरंच आपल्याकडचा आहे का ते बघणाऱ्या तपासण्या, एसपीएफ, डीकेआयएम, सगळं चोख. दुपारपर्यंत आपला आयपी स्पॅम पाठवणाऱ्यांच्या काळ्या यादीत गेला आणि ग्राहकांना पाठवलेले खरे मेल परत यायला लागले. पासवर्ड बदलला तरी मेल जातच होते. रांग थांबवायची, जुन्या जोडण्या तोडायच्या, हे सुचायला मला वीस मिनिटं लागली. ती वीस मिनिटं डोक्यातून जात नाहीत रे.

आता दोन्ही पोर्ट बाहेरून बंद आहेत आणि वायरगार्ड उभं केलंय, म्हणजे घरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये यायचा सुरक्षित बोगदा, व्हीपीएन. हसू नकोस. खरा घोळ पुढेच आहे. निम्म्या लोकांचं व्हीपीएन जोडलं जातं, पण मेल उघडत नाही. कारण तुला एव्हाना कळलंच असेल: ऑफिसच्या नेटवर्कमधले पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होणारे, आणि घरच्या राउटरचेही तेच. मशीन सर्व्हरला घरातच शोधत बसतं. यावरूनच आपण तीन दिवस बोललो नव्हतो ना! तू म्हणत होतास ऑफिसच्या पत्त्यांची रेंज बदल, मी म्हणत होतो सगळ्या प्रिंटरचे पत्ते कोण बदलणार. तू बरोबर होतास. हे वाक्य जपून ठेव, पुन्हा मिळणार नाही.

आमची एक सहकारी वडिलांच्या उशाशी बसून मोबाइलवर काम करते. मी पोर्ट बंद केले तेव्हा पहिला फोन तिचाच आला. तिच्यासारख्यांसाठी ४४३ या पोर्टवर ब्राउझरमधून उघडणारा वेबमेल आणि त्यावर दुहेरी पडताळणी ठेवावी असं वाटतं, पण परत काही उघडायचं म्हटलं की हात थांबतो.

तुझी नवी नोकरी कशी चाललीय? लेकीची परीक्षा झाली का? आईंना नमस्कार सांग.

शनिवारी रात्री रेंज बदलायला घेतोय, १०.७३.२० धरलीय. त्याआधी एकदा फोन कर. प्रिंटर सोडून आणखी कुठे जुना पत्ता ठोकून बसवलेला असेल, ते तुलाच आठवेल. ते सगळं आपणच बसवलंय.

तुझाच