अंदमानची तिकिटं काढली आहेत, आता नाही म्हणू नका

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर आई "बघू गं" म्हणाली असती आणि बाबांनी फोन तिच्याकडेच दिला असता, म्हणून लिहितेय. दोघांनी मिळून वाचा आणि शेवटपर्यंत वाचा. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही दोघं अंदमानला जाताय. विमान, बोट, हॉटेल, सगळं बुकिंग झालंय. दादाला माहीत आहे. तो तुम्हाला साताऱ्याहून पुण्याच्या विमानतळावर सोडेल आणि परत आणायलाही येईल.

न विचारता ठरवलं म्हणून रागावू नका. विचारलं असतं तर काय उत्तर आलं असतं ते मला माहीत आहे: "सगळे मिळून जाऊ." हे मी लग्नाच्या आधीपासून ऐकतेय. सगळ्यांच्या सुट्ट्या काही जुळत नाहीत. कधी दादाचं ऑफिस, कधी वहिनीची परीक्षा, कधी आमचं घर बदलणं, आणि आता इकडे दहावी. पोराच्या प्रीबोर्ड नेमक्या जानेवारीत आहेत, त्यामुळे मला बंगळूरहून हलता येणार नाही. आमच्यासाठी थांबलात तर पुढच्या वर्षी आणखी काहीतरी निघेल. आईचे गुडघे आणि बाबांचं हृदय आज जेवढी साथ देताहेत तेवढ्यात तुम्ही निघावं असं मला वाटतं. बाबांच्या अँजिओप्लास्टीच्या डॉक्टरांना मी आधी विचारलं. प्रवासाला काही हरकत नाही म्हणाले, फक्त गोळ्या चुकवायच्या नाहीत आणि दमेपर्यंत चालायचं नाही. त्यानंतरच मी तिकिटांकडे वळले.

तुम्हाला एकटं पाठवतेय असं मनात आणू नका. यात्रा कंपनीबरोबर पाठवायचा विचारही केला होता. पण त्यांचं ते पहाटे उठवणं, एका दिवसात पाच ठिकाणं, बसमध्ये चढ-उतार... आईला त्यात बसून राहायची चोरी होते. म्हणून प्रत्येक ठिकाणी जादा दिवस ठेवलाय आणि प्रत्येक गावात गाडीवाला ठरवलाय. चेन्नईला विमानतळाजवळ एक रात्र मुक्काम आहे, म्हणजे एका विमानातून उतरून दुसऱ्यासाठी पळायला नको. चेन्नईपासून पुढे जवळजवळ पावणेचौदाशे किलोमीटर समुद्र आहे, विमानाला दोन तासांहून थोडं जास्त लागतं. बाबा, खिडकीची जागा तुमची. उतरायच्या आधी हिरवी बेटं दिसायला लागतात, तेव्हा झोपू नका.

विमानतळांवर व्हीलचेअर सांगितली आहे. आई, लगेच नाक मुरडू नकोस. त्यात म्हातारपणाचा काही संबंध नाही, लांबच लांब चालायचं वाचतं आणि सामानाला माणूस मिळतो. गुडघे विमानतळावर खर्च करून टाकलेस तर समुद्रावर काय करशील?

कागदोपत्री कुठे "पोर्ट ब्लेअर" दिसेल, कुठे "श्री विजयपुरम". गाव एकच आहे, 2024 साली नाव बदललंय. हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप 2018 साली झालं. तिथली माणसं अजून दोन्ही नावं घेतात, तेव्हा बोटीचं तिकीट पाहून "चुकीचं काढलंय" असा दादाला फोन करू नका.

बाबा, आता तुमच्यासाठी. पहिला पूर्ण दिवस सेल्युलर जेलचा आहे. तुम्ही कॉलेजात असल्यापासून ते ठिकाण तुमच्या मनात आहे, आणि आम्हाला ते सगळं तुमच्याच तोंडून ऐकून पाठ झालंय. राष्ट्रीय सुट्टीला तुरुंग बंद असतो, म्हणून 26 जानेवारीच्या पुढच्या तारखा धरल्या. मुळात सात इमारती चाकाच्या आऱ्यांसारख्या मधल्या मनोऱ्याला जोडलेल्या होत्या, आता तीनच उरल्या आहेत. बांधकाम 1896 ला सुरू होऊन 1906 ला संपलं. एका कोठडीचं तोंड समोरच्या इमारतीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला समोर माणूस दिसूच नये अशी रचना. कोठडी साधारण साडेतेरा फूट बाय साडेसात फूट, आणि झरोका डोक्याच्याही बराच वर. सावरकरांची कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर, टोकाला आहे. 1911 ते 1921 ते तिथे होते, आणि त्यांचे मोठे भाऊ बाबाराव त्याच तुरुंगात. वर जायला जिनेच आहेत. घाई करायची नाही, प्रत्येक मजल्यावर थांबायचं, पाणी प्यायचं. दम लागला तर खाली या, दुसऱ्या दिवशी पुन्हा जाता येईल एवढा वेळ मी मुद्दाम ठेवलाय. आई अंगणात बसेल, तिला जिने चढायला लावू नका.

आणि बाबा, फक्त एकच कोठडी बघून परत फिरू नका. तिथे बारींद्र घोष होते, उल्लासकर दत्त होते, पंजाबातले कितीतरी होते. 1933 च्या उपोषणात महावीर सिंह, मोहन किशोर नामदास आणि मोहित मैत्र गेले. कोलूची जागा पाहा. नारळाचं तेल काढायला माणसाला बैलासारखं जुंपत होते, ते वाचणं वेगळं आणि ते लाकूड समोर बघणं वेगळं. संध्याकाळी ध्वनि-प्रकाश कार्यक्रम असतो, त्याची हिंदीतली वेळ घ्या. उघड्यावर बसायचं असतं, डास चावतात, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला.

तुरुंगाला लागूनच तिथलं मोठं सरकारी हॉस्पिटल आहे, जी. बी. पंत. हे मी घाबरवायला सांगत नाही. हॅवलॉक आणि नीलला फक्त छोटी सरकारी आरोग्य केंद्रं आहेत, म्हणून थोडंसं जरी छातीत, पाठीत, हातात वेगळं वाटलं तरी लगेच सांगायचं. "आईला कशाला घाबरवू" म्हणून गप्प बसायचं नाही. तुम्ही काय करता ते आम्ही पाहिलंय. गोळ्या दुप्पट न्या. एक संच बाबांच्या हातातल्या बॅगेत, एक आईच्या पर्समध्ये. मोठ्या बॅगेत एकही गोळी ठेवायची नाही, ती बॅग कधी उशिरा येते. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो दोघांच्याही फोनवर मी टाकलाय.

आता बोट. पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक दीड-दोन तास लागतात. बंद, एसी असलेली मोठी बोट आहे, पण समुद्र हलतो तो हलतोच. आई, महाबळेश्वरच्या घाटात तुझं काय होतं ते सगळ्या घराला माहीत आहे. म्हणून सकाळची बोट घेतलीये. उलटीची गोळी निघायच्या अर्धा तास आधी घ्यायची, बोट हलायला लागल्यावर नाही. खालच्या मजल्यावर, मधल्या भागात बसायचं, तिथे डोलणं कमी जाणवतं. पुस्तक वाचायचं नाही, मोबाइलमध्ये डोकं घालायचं नाही, लांब क्षितिजाकडे बघत राहायचं. रिकाम्या पोटी जाऊ नको, आणि भरल्या पोटीही. आलेपाकाच्या वड्या मी कुरियरने पाठवतेय.

तिकडे सूर्य आपल्यापेक्षा लवकर उगवतो आणि लवकर मावळतो. घड्याळ तेच, पण जानेवारीत सव्वापाचनंतर सूर्य गेलाच म्हणून समजा आणि सहाला काळोख. बाबांचा चारचा चहा आणि पाचला फिरायला निघणं तिथे चालणार नाही. हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावर साडेतीनलाच पोचा. 2004 साली 'टाइम' मासिकाने त्याला आशियातला सर्वांत चांगला किनारा म्हटलं होतं. मला विचाराल तर त्याचं मोठेपण वेगळ्यात आहे: वाळू पांढरी आणि पिठासारखी बारीक, उतार अगदी कमी, आणि मागे उंच उंच समुद्री मोहाची झाडं, त्यांच्या सावलीत आरामात बसता येतं. गाडीवाल्याला थांबायला सांगा, अंधार पडल्यावर तिथे वाहन शोधत बसावं लागू नये.

आई, तिथे तू पाण्यात उतरायचंस.

हे मी हट्टाने सांगतेय. गणपतीपुळ्याला, दापोलीला, दिवेआगरला, प्रत्येक वेळी बाबा आम्हाला दोन हातांना दोघं धरून लाटांत घेऊन जायचे आणि तू वर वाळूत बसायचीस. चपला, टॉवेल, बाबांचं घड्याळ, दादाचा चष्मा, ती निळी पाण्याची बाटली, सगळं तुझ्या ओटीत. आम्ही ओल्या अंगाने धावत आलो की तू टॉवेल पुढे करायचीस, केसांतली वाळू झटकायचीस आणि लगेच डब्यातली पोळीभाजी काढायचीस. तुझी साडी घोट्यापर्यंतसुद्धा भिजलेली मला आठवत नाही. या वेळी चपला गाडीत ठेवा. बाबांचा हात धर आणि गुडघ्यापर्यंत तरी जा. पंजाबी ड्रेस घाल, कोणी बघत नाही आणि बघितलं तरी काय. मोतीचुराच्या रंगाचा तो सुती ड्रेस तू एकदाही घातला नाहीस, तोच ने.

फक्त जिथे पोहायची जागा आखलेली असेल तिथेच उतरायचं. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. खाडीच्या तोंडाशी किंवा तिवरांच्या झाडीजवळ जायचं नाही, आणि लाइफगार्ड शिट्टी मारेल तेव्हा निमूट बाहेर यायचं. बाबा, स्कूबा आणि समुद्राच्या तळाशी चालायचा तो प्रकार, दोन्ही तुम्हाला बंद. कोणी कितीही "काका, काही होत नाही" म्हणालं तरी. प्रवाळ बघायचं आहे ना? नीलला भरतपूर किनाऱ्यावर काचेच्या तळाची बोट आहे, दोघं त्यातून बसल्या बसल्या बघा. ओहोटीच्या वेळेला खडकाच्या नैसर्गिक पुलापर्यंत लोक चालत जातात, तिथला खडक शेवाळलेला, बुळबुळीत असतो. तिथे आई नाही, आणि आईला सोडून बाबाही नाहीत.

नील बाबांना आवडेल असं मला आतून वाटतं. सपाट आणि हिरवंगार. बंगालमधून येऊन वसलेली माणसं तिथे भात आणि भाजीपाला पिकवतात, पोर्ट ब्लेअरच्या बाजारात तिथली भाजी जाते. कोणाच्या तरी बांधावर उभं राहून वांग्याचा भाव विचारताना तुम्ही मला आत्ताच दिसताय. सगळ्यांना हिंदी येतं, आईच्या हिंदीनेही काम होईल. जेवायची काळजी नको: शाकाहारी थाळी सगळीकडे मिळते, बाबांना ताजी सुरमई मिळेल. नारळपाणी भरपूर प्या, पण साखर तपासायचं मशीन सोबत असू द्या.

बाराटांगच्या गुहा मी मुद्दाम घेतल्या नाहीत. मध्यरात्री उठून ताफ्यातून जावं लागतं, पाठीला त्रास. शिवाय तो रस्ता जारवा या आदिवासी लोकांच्या राखीव जंगलातून जातो. त्यांचे फोटो काढायला, गाडी थांबवायला कायद्याने बंदी आहे, तरी माणसं काचेला नाक लावून बघायलाच जातात. तुम्हालाही ते आवडलं नसतं.

आता पटपट बाकीचं. खोबऱ्याच्या वाट्या बॅगेत भरू नकोस आई, विमानात चालत नाहीत, काढून ठेवतात. लोणचं हातातल्या बॅगेत नको. पॉवर बँक मात्र हातातल्याच बॅगेत. छोट्या बेटांवर एटीएम मोजकीच आणि कधी कधी रिकामी, म्हणून रोख रक्कम दोघांत वाटून न्या, सुट्ट्या नोटांसकट. आणि किनाऱ्यावरचे शिंपले, प्रवाळाचे तुकडे उचलायचे नाहीत. तुझ्या काचेच्या बरणीसाठी सुद्धा नाहीत. प्रवाळ नेणं गुन्हा आहे, विमानतळावर बॅग तपासतात. काही घ्यायचंच असेल तर 'सागरिका' या सरकारी दुकानातून घ्या आणि पावती जपून ठेवा.

2020 साली चेन्नईहून समुद्राखालून केबल गेली, तेव्हापासून तिथला फोन, इंटरनेट बरंच सुधारलंय. तरी बेटांवर व्हिडिओ कॉल अडकू शकतो. रोज अंधार पडल्यावर मी करीन. नाही लागला तर "पोचलो, जेवलो" एवढा मेसेज टाका.

घराची काळजी नको. कुंड्यांना पाणी शेजारच्या काकू घालतील, दूध दादा बंद करेल, देवाला दिवा वहिनी येऊन लावेल. सोसायटीच्या मीटिंगला बाबा नसले तरी ती होईल.

मी बरोबर नाही याचं मला वाईट वाटतंय, ते लपवत नाही. पण तुम्ही दोघंच, आमच्याशिवाय, कुठे गेलात असं मला आठवतच नाही. लग्नानंतर पंढरपूर, आणि मग थेट आमचे वाढदिवस, शाळा, आजीचं आजारपण. माझ्यासाठी आणि दादासाठी नाही, तुमच्यासाठी जा.

रविवारी सकाळी फोन करते. तोपर्यंत दोघांची आधार कार्डं शोधून त्यांचे फोटो पाठवा. आईच्या कार्डावर जन्मतारीख चुकलेली होती ती दुरुस्त झाली का तेही बघा, नसेल तर दादाला आजच सांगा. आणि बाबा, न घसरणारे सँडल घ्या. जुनेच चालतील म्हणू नका.

तुमची,
चिमी

ता. क. पैशांचं दादाला विचारू नका, तो सांगणार नाही. आईने नी-कॅप दोन न्याव्यात, एक भिजली तर दुसरी.