तळटिपा वाचणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

नाव कुठेही लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंय, पुस्तकाच्या ऋणनिर्देशातसुद्धा नको म्हणालात, म्हणून इथे नुसतं ताई. पण पत्र मात्र उघडच लिहितेय. दुसऱ्यांचे मसुदे वाचून देण्याचं तुमचं काम पडद्यामागचं, आणि ज्यांना त्याची सगळ्यात जास्त गरज असते त्या माझ्यासारख्या विद्यापीठात बसलेल्या माणसांना असं काम करणारं कुणी असतं हेच मुळात माहीत नसतं. प्रेसकडून पहिल्या प्रती आल्यात, आणि आल्यापासून घरात कुणी पुस्तकाचं नाव जरी काढलं तरी माझा गळा दाटून येतोय. तेव्हा हे आत्ताच लिहून टाकते, शांत झाल्यावर लिहिलं तर ते फार शिष्टाचाराचं होईल.

माझा विषय भूजल. जमिनीखालचं पाणी कुठे असतं, कसं सरकतं, किती जुनं असतं, यावर मी उमेदीची सगळी वर्षं घालवली आणि पेपरमागून पेपर लिहिले. ते पेपर वाचणारे लोक म्हणजे जगभर विखुरलेले पाचपन्नास सहकारी, ज्यांना ते आधीच माहीत असतं. बाहेर मात्र आजही भरपूर लोकांना वाटतं की खाली नद्या वाहतायत, तळी भरलीयत, आपण फक्त पाइप सोडायचा. प्रत्यक्षात ते पाणी वाळूच्या कणांमधल्या फटींत, खडकाच्या भेगांत असतं, बऱ्याच ठिकाणी दिवसाला काही सेंटिमीटर एवढंच पुढे सरकतं, आणि काही ठिकाणी तर जे पाणी आपण आज उपसतो ते हजारो वर्षांपूर्वी पावसातून पडलेलं असतं. पृथ्वीवरच्या द्रवरूप गोड्या पाण्यातलं जवळपास ९९ टक्के पाणी जमिनीखाली आहे आणि त्याच्याबद्दल सामान्य वाचकासाठी लिहिलेलं किती कमी आहे, ही गोष्ट मला आतून खात होती. पुस्तक लिहायचं होतं ते एवढ्यासाठीच.

तुमच्याआधी जे भेटले त्यांच्याबद्दल थोडं बोलते, कारण त्याशिवाय तुमचं मोल कळणार नाही.

एका प्रकाशनाच्या माणसाने माझी दोन प्रकरणं बरेच महिने ठेवून घेतली आणि परत पाठवताना दोनच शब्द लिहिले, ‘सोपं करा’. कुठे अवघड आहे, कुणाला अवघड वाटेल, काहीच नाही. फोन केला तर म्हणाले समीकरणं काढा, एका समीकरणामागे खप निम्मा होतो. आता ही गोष्ट हॉकिंग यांनी १९८८ च्या त्यांच्या पुस्तकात सुरुवातीलाच सांगितलीय, की असा सल्ला त्यांना मिळाला होता, पण तरीही त्यांनी एक समीकरण ठेवलं होतं, आणि तेवढा भाग ही मंडळी सांगायचं विसरतात. नंतर एका एजन्सीला गाठलं. संशोधन तुमचं, भाषा आमची, असं म्हणाले, पैसे आगाऊ घेतले आणि जे पाठवलं त्यात प्रत्येक परिच्छेदात दोन उद्गारचिन्हं, ‘थक्क व्हाल’, ‘विश्वास बसणार नाही’, आणि जिथे मी ‘असं असण्याची शक्यता आहे’ लिहिलं होतं तिथे सरळ ‘हे सिद्ध झालं आहे’. बाकी सगळं मी सोडून देईन, पण याला माफी नाही, कारण माझ्या नावावर खोटं छापलं गेलं असतं आणि त्यांना त्याचं काहीच वाटलं नसतं. तिकडे डिपार्टमेंटमध्ये एक ज्येष्ठ सहकारी येताजाता ऐकवायचे की असली पुस्तकं प्रमोशनला मोजत नाहीत, त्यापेक्षा अजून दोन पेपर काढ.

आणि मग तुम्ही.

तुम्ही पहिल्या खेपेला माझं एकही वाक्य बदललं नाहीत. मी पाठवलेली फाइल चक्क प्रिंट काढून पेन्सिलने वाचलीत आणि ते कागद मला परत पाठवलेत. समासात फक्त दोन प्रकारच्या खुणा. जिथे तुम्ही न थांबता वाचत गेलात तिथे उभी रेघ, आणि जिथे धागा सुटला तिथे छोटा गोल. बस्स. पान उलटत गेले तसं मला दिसत गेलं की वाचक माझ्याबरोबर कुठपर्यंत येतोय आणि कुठे मागे राहतोय. हे मला आजवर कुणी दाखवलंच नव्हतं. पेपर तपासणारा रिव्ह्यूअर चूक शोधत वाचतो, त्याला वाचणं भागच असतं. पुस्तकाचा वाचक मात्र कधीही पुस्तक मिटू शकतो, आणि तो ते कुठल्या ओळीवर मिटेल हे तुम्ही मला रागावून नाही, गोल काढून सांगितलंत.

पण ज्या गोष्टीसाठी हे पत्र आहे ती वेगळीच. तिसऱ्या प्रकरणात तळाला, बारीक टायपात, एक तळटीप होती. डार्सीचा नियम, १८५६, अमुक परिशिष्ट, एवढंच. तुम्ही त्या तळटिपेभोवती चौकट काढलीत, तिथून एक बाण थेट प्रकरणाच्या पहिल्या ओळीपर्यंत नेलात आणि लिहिलंत, ‘हा माणूस इथे तळाला का? मला याच्याबद्दल वाचायचंय.’

ताई, माझ्या तळटिपा आजवर कुणी वाचल्या नव्हत्या. माझ्या गाइडनेसुद्धा नाही, हे मी खात्रीने सांगते. आणि त्याच संध्याकाळी तुमचा फोन आला, पुस्तकाचं काही बोलायला नाही, डार्सी कोण ते विचारायला.

मग मी सांगत सुटले. आन्री डार्सी, फ्रान्समधल्या दिजों गावचा इंजिनिअर, लहानपणी ज्या गावात पिण्याच्या पाण्याची दैना बघितली त्याच गावाला त्याने दहा-बारा किलोमीटरवरच्या झऱ्याचं पाणी बंदिस्त पाटातून आणून दिलं, १८४० मध्ये, आणि त्या कामाचं मानधन नाकारलं. पुढे तब्येत ढासळली, तरी गावातल्या हॉस्पिटलच्या आवारात वाळू भरलेला उंच नळ उभा करून, वरून पाणी सोडून, खाली किती येतं ते मोजत बसला. दाब दुप्पट केला की पाणी दुप्पट, वाळूचा थर दुप्पट केला की पाणी निम्मं. इतकं साधं! ते त्याने गावाच्या पाणीपुरवठ्यावरच्या जाडजूड अहवालाच्या शेवटी परिशिष्टात घातलं आणि दोनेक वर्षांत, १८५८ ला, गेला. आज जगात कुठेही विहिरीला पाणी किती येईल याचा हिशोब मांडतात तो त्या परिशिष्टावर उभा आहे.

तुम्ही मधे एकदाही तोडलं नाहीत. फक्त एकदा विचारलंत, वाळूच का, खडक का नाही, आणि त्या प्रश्नाचं उत्तर (त्याला गावाचं पाणी गाळायचे वाळूचे फिल्टर बनवायचे होते, भूजल त्याच्या डोक्यात नव्हतंच) माझ्या आख्ख्या मसुद्यात कुठेच नव्हतं. मी थांबले तेव्हा तुम्ही म्हणालात, आता फोन ठेवा आणि हेच लिहा, याच क्रमाने, अजिबात सजवू नका. मी रात्री बसून लिहिलं. आज पुस्तकाचं पहिलं प्रकरण ते आहे, आणि समीकरणही तिथे आहे, तुम्हीच काढू दिलं नाहीत, म्हणालात वाळूवर पाणी कोणी ओतलं ते आधी कळलं की लोक समीकरणाला घाबरत नाहीत.

पुढचं सगळं त्या फोननंतर सोपं झालं असं नाही म्हणणार, पण दिशा कळली. आम्हाला शिकवलेलं असतं की आधी इतरांनी काय म्हटलंय ते सगळं मांडायचं, मग पद्धत, मग निष्कर्ष, आणि स्वतः कुठेच दिसायचं नाही. तुम्ही म्हणालात आधी प्रश्न द्या, उत्तराची घाई वाचकालाच होऊ दे. तुम्ही तो १९९० चा स्टॅनफर्डमधला प्रयोग सांगितलात, एलिझाबेथ न्यूटन यांचा, ज्यात माणसं टेबलावर बोटांनी ओळखीच्या गाण्यांचा ठेका धरतात आणि समोरच्याने गाणं ओळखायचं. ठेका धरणाऱ्यांना वाटलं निम्मी गाणी ओळखली जातील, प्रत्यक्षात १२० पैकी ३. कारण गाणं त्यांच्या स्वतःच्या डोक्यात वाजत असतं, समोरच्याला फक्त टकटक. हे तुम्ही मला खाली बघायला लावायला सांगितलं नाहीत, कुठल्याही जाणकाराचं असंच होतं म्हणून सांगितलंत, त्यामुळे ते लागलं नाही, उपयोगी पडलं.

उपग्रहांच्या प्रकरणातही तेच. २००२ मध्ये सोडलेले ग्रेस मोहिमेचे दोन उपग्रह, २०१७ पर्यंत एकमेकांपासून साधारण २२० किलोमीटर अंतर राखून उडालेले, यावर मी पानंच्या पानं तांत्रिक लिहिली होती. तुम्ही एवढंच विचारलंत, त्यांना जमिनीखालचं पाणी दिसतं कसं? दिसत नाहीच, मी म्हटलं. पाणी उपसलं की तिथलं वस्तुमान घटतं, गुरुत्वाकर्षण किंचित कमी होतं, आणि वरून जाताना दोघांमधलं अंतर केसाच्या जाडीहूनही कमी बदलतं, ते मोजतात. तुम्ही म्हणालात, मग ‘दिसत नाहीच’ इथूनच सुरू करा. आणि माझी प्रत्येक ‘शक्यता आहे’ जिथल्या तिथे ठेवलीत. एका ठिकाणी तर मी उत्साहात ठाम लिहून गेले होते तिथे तुमचा प्रश्न होता, याची खात्री आहे ना?

मला वाटतं चांगुलपणा बऱ्याचदा असाच असतो, लक्ष देऊन ऐकणारा. दुसऱ्याचं लिहिलेलं शेवटपर्यंत वाचणं, बारीक टायपातलं पण वाचणं, आपली हुशारी मधे न आणणं. तुम्ही एकदाही स्वतःचं वाक्य माझ्या जागी बसवलं नाहीत. पुस्तक वाचून माझी आई म्हणाली, तू बोलतेस तसंच आहे. तुमचं काम किती नीट झालंय ते त्या एका वाक्यात आलं. अशी माणसं सगळ्या क्षेत्रांत असतात आणि त्यांची नावं कुठेच नसतात, आणि विद्यापीठं लाखोंची यंत्रं घेतात पण संशोधकाला एक चांगला वाचक मिळवून द्यावा हे कुणाला सुचत नाही, याचा मला खरंच राग येतो.

एक सांगायचं राहिलं. सहाव्या प्रकरणातली चिकणमातीची दोन पानं तुम्ही वगळायला सांगितली होतीत, तिथे सलग गोलच गोल होते. ती मी ठेवलीयत. परत लिहून, निम्मी करून, पण ठेवलीयत. चिकणमातीत वाळूपेक्षा जास्त पाणी मावतं आणि तरी ती ते सोडत नाही, हे कळल्याशिवाय सातवं प्रकरण उभं राहत नाही असं मला अजून वाटतं. वाचून बघा, आणि तरीही पटलं नाही तर फोन करा, दुसऱ्या आवृत्तीच्या आधी सविस्तर भांडून घेऊ.

तुमची,
भूजलवाली