सांगलीच्या गणपती पेठेतल्या किराणावाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

नवरा गेल्यावर आमच्याकडे आधारासाठी येणाऱ्या एक ताई परवा तुमच्या दुकानात चिरमुऱ्यांच्या पोत्यापाशी थबकल्या आणि त्यांना रडू कोसळलं. तुम्ही तेव्हा जे केलंत, ते ऐकून आमचेही डोळे भरून आले.

फोटो, दहावा, वर्षश्राद्ध यांच्यासाठी माणूस मन आधीच घट्ट करून ठेवतो. किराणा दुकानासाठी कोण करतं? 'साखर चार किलो की दोन?' एवढ्या प्रश्नात घरातलं माणूस कमी झाल्याचा हिशेब होतो. त्यात वास. मेंदूत भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांपर्यंत वासाची वाट फार जवळची आहे. भडंगाच्या लसणाचा वास आला, की काय आठवलं ते उमगायच्या आधीच कंठ दाटतो. धाप लागते, हात गार पडतात, कुणी नुसतं बधिर उभं राहतं. घाई केली नाही, खोदून विचारलं नाही, तर हा उमाळा बहुधा काही मिनिटांत ओसरतो. २०१९ च्या पुरात माणूस गमावलेल्यांना पावसाळ्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलावरून जातानाही असंच होतं.

याआधी एका दुकानात ताईंना भर गर्दीत विचारलं गेलं, "साहेब दिसत नाहीत हल्ली?" आणि कळल्यावर, "कशानं गेले? वय काय होतं?" सामान तसंच टाकून त्या निघाल्या, ती गल्लीच त्यांनी सोडली. अशी टाळाटाळ भीती पक्की करते, म्हणून त्या प्रश्नांचा आम्हाला अजून राग आहे.

तुम्ही स्टूल आत, रस्त्याकडे पाठ होईल असं ठेवलंत, पाणी दिलंत आणि बाकीच्यांचं सामान तोलत राहिलात. मग त्यांची जुनी यादी वाचायला न घेता कोरा कागद आणि पेन पुढे सरकवलंत. काका, त्या कोऱ्या कागदासाठी हे पत्र आहे! जुन्या यादीत साहेबांसाठी अर्धा किलो चिरमुरे असायचे. ते 'नकोत' असं तोंडाने म्हणायची वेळ तुम्ही ताईंवर येऊ दिली नाहीत.

त्यांनी चारच जिन्नस लिहिले. पहिल्या खेपेला तेवढे पुष्कळ. गिऱ्हाईक कमी असेल अशी वेळ, सोबत एखादं माणूस आणि मध्येच परत फिरायची मोकळीक असली, की पुढची खेप सोपी जाते. वर्ष उलटूनही रोज असंच होत असेल, घरकाम ठप्प असेल, तर 'टेली-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं. हा क्रमांक गल्ल्यापाशी लिहून ठेवलात तर बरं होईल.

कुणाचं दुःख चारचौघांत उघडं पडू न देणं, याहून मोठी माणुसकी आम्हाला ठाऊक नाही. पेठेतल्या इतर दुकानदारांनाही स्टुलाचं आणि कागदाचं सांगा, आमच्यापेक्षा तुमचं ते ऐकतील. ताई पुढच्या महिन्यात धाकट्या जावेला घेऊन येणार आहेत.

मनापासून आभार.