टिकालच्या गाईडदादांस, एका बाईंकडून

दादा,

सप्रेम नमस्कार.

पत्र मराठीत लिहिते आहे. मुलगी त्याचं स्पॅनिश करून पाठवेल. पण सांगायचं ते आधी माझ्या भाषेत उतरल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. आणि आमच्याकडच्या चार माणसांनीही हे वाचावं असं वाटतं, म्हणून पत्र उघडंच ठेवते. त्यांच्यासाठी सांगते, टिकाल म्हणजे ग्वातेमालाच्या जंगलातलं माया लोकांचं जुनं शहर.

तुम्ही रोज माणसं नेता-आणता, मी कुठली लक्षात असणार! म्हणून ओळख देते. त्या दमट उकाड्यातही डोक्याला स्कार्फ गुंडाळलेली, उजव्या गुडघ्याला क्रेप बँडेज, आणि माकड ओरडल्यावर ‘वाघ!’ म्हणून तुमचा दंड धरणारी. आता आठवलं असेल.

फ्लोरेसच्या त्या तळ्यातल्या गावातून आमची व्हॅन पहाटे तीनला निघाली. जागा मागच्या सीटवर मिळाली, त्यामुळे साठ-पासष्ट किलोमीटरभर प्रत्येक गतिरोधक माझ्या गुडघ्याने मोजला. बुकिंग करणाऱ्याने ‘अगदी सपाट वाट आहे, आजीसुद्धा चालतात’ असं छातीठोक सांगितलं होतं. नेहमीच्या तिकिटावर पहाटेचे म्हणून आणखी शंभर केत्साल (तिथलं चलन) मोजले होते, आणि ते कशासाठी, तर चौथ्या मंदिरावरून सूर्योदय बघायला. वाट सपाट नव्हती. ओली चुनखडी, वर आलेली मुळं, आणि माझ्या टॉर्चचा उजेड काजव्याएवढा. अर्ध्या वाटेत गुडघ्याने जी कळ काढली, ती मी दातांखाली दाबली. मुलीला कळलं असतं तर तीही थांबली असती. तिला आणि जावयांना पुढे पाठवायला मी खोटंच सांगितलं की, चपलेत खडा गेलाय, येते मागून. पायात चप्पल नव्हती, बूट होते. तिच्या ते लक्षात आलं नाही, तुमच्या आलं.

तुम्ही वॉकीटॉकीवर दोन वाक्यं बोललात, तुमच्या सोबत्याने आमचा गट पुढे नेला आणि तुम्ही मागे राहिलात. हातातली छत्री मला काठी म्हणून दिलीत. मी म्हटलं, माझ्यापायी तुमचा सूर्योदय जाईल. तर तुम्ही म्हणालात, ‘माझे पुष्कळ झालेत.’ तुमचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी, दोन्ही शिकून आलेलं, त्यामुळे आपलं छान जमलं. मुलीच्या फाडफाड इंग्रजीपुढे मला जे विचारता येत नाही, ते तुम्हाला विचारता आलं.

काय करता, असं तुम्ही विचारलंत. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते, आता निवृत्त, असं सांगितल्यावर तुम्ही मला ‘सेन्यो’ म्हणू लागलात. मला वाटलं, ‘म्हातारे’ वगैरे काही असेल. मुलीने नंतर सांगितलं, ग्वातेमालातली पोरं शाळेतल्या बाईंना सेन्यो म्हणतात. दादा, तेहतीस वर्षं मला पोरांनी ‘बाई’ म्हणून हाक मारली. निवृत्तीनंतर ती हाक बंद झाली होती. ती त्या जंगलात, काळोखात, अशी परत कानावर आली.

जिन्याच्या तळाशी बाकावर आपण बसलो. समोर काळी टेकडी. ही टेकडी नव्हे, हेच चौथं मंदिर, असं तुम्ही म्हणालात. खालचा भाग अजून पुरता मोकळा केलेला नाही, झाडं-माती तशीच ठेवली आहे. वर सुमारे ६५ मीटर. इसवी सन ७४१च्या सुमारास यिकिन चान काविल राजाने बांधलेलं. चाक नाही, बैल नाही, लोखंड नाही, तरी एवढं! तेवढ्यात तो आवाज आला. मी वाघाचं नाव घेतलं, आणि तुम्ही हसू दाबत म्हणालात, माकड. नर घशातलं पोकळ हाड फुगलेल्या मडक्यासारखं वापरतो, म्हणून एवढ्याशा जिवाची डरकाळी कोसभर पुढे जाते. एकाने सुरुवात केली की दुसऱ्या बाजूने दुसरा, मग तिसरा. आमच्या गावात पहाटे कोंबडे असेच आळीपाळीने आरवायचे, फक्त त्यांना घाबरून कुणी परक्या माणसाचा हात धरला नसता.

मग तुम्ही फडक्याची गाठ सोडलीत. आत तुमची न्याहारी, मक्याच्या चार जाड चपट्या आणि काळा घेवडा. त्यातल्या दोन मला. तोर्तिया म्हणतात हे मला माहीत होतं, पण ह्यूस्टनच्या दुकानातली तोर्तिया म्हणजे कागद. ही हातावर थापलेली, कडेला बोटांचे ठसे. भाकरीच! फक्त एक वेगळा वास होता, तो मला चटकन ओळखता आला नाही. चुन्याचा, असं तुम्ही सांगितलंत. मका चुन्याच्या पाण्यात उकडायचा, रात्रभर त्यातच भिजू द्यायचा, मग वाटायचा. चुन्यामुळे टरफल सुटतं, आणि मक्यातलं सत्त्व अंगी लागतं. तुमच्या आईच्या केक्ची या माया भाषेत त्या सगळ्याला वेगवेगळे शब्द आहेत, ते तुम्ही म्हणून दाखवलेत. मी माझ्याकडचा राजगिऱ्याचा लाडू दिला. तो तुम्ही उजेडात धरून बघितलात आणि म्हणालात, हे आमचंच धान्य आहे. मी तोवर राजगिरा उपासाचा म्हणजे आमचाच समजत होते.

मुलगी वरून उतरली तेव्हा उजाडलं होतं. ‘आई, नुसतं धुकं गं! शेवटी दोन शिखरं दिसली तेवढीच.’ तिला हळहळ होती, मला मनातल्या मनात बरं वाटलं. हे खरं तर लिहायला नको होतं, पण पत्र खरं लिहायचं ठरवलंय.

त्यानंतर तुम्ही जे केलंत, त्यासाठी हे पत्र आहे. गट मोठ्या चौकाकडे निघाला, फोटो, वेळेचं बंधन, सगळं होतं. पण तुम्ही रस्त्यात एका झाडापाशी थांबलात. खोडावर नागमोडी खाचा, वर वरपर्यंत, जुन्या जखमा भरून आल्यासारख्या. तुमचे आजोबा चिक्लेरो होते, पावसाळ्यात जंगलात राहून कोयत्याने अशा खाचा पाडायचे आणि गळणारा चीक कढईत आटवून त्याच्या वड्या पाडायचे. च्युइंगगमसाठी. एकदा चीक काढलेलं झाड पुढे काही वर्षं तसंच सोडायचं. कारखान्यांना बनावट चीक मिळू लागला तेव्हा तो धंदा बसला. तुम्ही ‘चिक्ले’ म्हणालात आणि मी ‘चीक’ ऐकलं. झाडाचं नाव विचारलं, तर चिकोसापोते. पान वळवून बघितलं आणि मी ओरडलेच, अहो, हा तर चिकू!

माझी नोकरी डहाणू तालुक्यात झाली, दादा. शाळेच्या कुंपणापलीकडे चिकूची वाडी. कच्चा चिकू खाल्ला की ओठाला चीक चिकटायचा, पोरं तोंडं वाकडी करत वर्गात यायची. चीक असतो म्हणून चिकू, असं मी स्वतः फळ्यावर समजावून सांगितलं आहे. घोलवडच्या चिकूला २०१६ साली जीआय मानांकन मिळालं तेव्हा आम्ही पेढे वाटले. पण तो आमच्याकडे आला तुमच्या बाजूने, नाव अंगावर घेऊनच. माझ्या एवढ्या विद्यार्थ्यांना मी चुकीचं सांगून बसले आहे. त्यातले काही आता वाड्यांचे मालक आहेत!

तुम्ही खोडावर हात थोपटत म्हणालात, याचं लाकूड इतकं चिवट की मंदिरांच्या दारांवरच्या तुळया याच्याच. चौथ्या मंदिरातल्या कोरीव तुळया हजार वर्षं वाळवीला पुरून उरल्या, पण माणसाच्या हातून सुटल्या नाहीत. आज त्या स्वित्झर्लंडमध्ये, बाझेलच्या संग्रहालयात आहेत. हे सांगताना तुमचा आवाज चढला नाही. मला मात्र राग आला होता.

मोठ्या चौकाबद्दल मी फार लिहीत नाही, ते सगळे लिहितात. पहिलं मंदिर ४७ मीटर, खाली हासाव चान काविल राजाची कबर, त्याने ६९५ साली कालाकमुल या शत्रू राज्याला हरवलं. चौकात गवतावर राखेचं काळं वर्तुळ होतं आणि उदासारखा वास. कोपाल, म्हणजे झाडाचा सुगंधी डिंक, जाळून लोक अजून इथे पूजा करतात, असं तुम्ही म्हणालात. कोरलेल्या शिळेवरच्या तारखा तुम्ही मला वाचायला शिकवल्यात. टिंब म्हणजे १, आडवी दांडी म्हणजे ५, शिंपला म्हणजे शून्य, आणि मोजणी विसाची. मी लगेच सांगितलं की माझी आजी शेरडं ‘तीन ईसा आन् चार’ अशीच मोजायची. तुम्ही वहीत ते लिहून घेतलंत. मला शाळेत तपासणीला आलेल्या साहेबाने शेरा दिल्यासारखं वाटलं.

आणि मग ती खोलगट जागा. सगळे पुढे गेले, कारण तिथे बघण्यासारखं काहीच नव्हतं. झाडीने भरलेला खड्डा. तुम्ही म्हणालात, ‘सेन्यो, तुम्ही पाण्याबद्दल विचारलं होतं.’ विचारलं होतं खरं. माझं माहेर म्हसवडकडचं, माण तालुक्यातलं, आम्ही कुठेही गेलो की आधी विचारतो, इथे पाणी कुठलं? एवढं शहर, हजारो माणसं, आणि नदी नाही, झरा नाही. वर्षाचे चारेक महिने पाऊस नाही. मग तुम्ही जमीन दाखवलीत. चौक सगळे चुन्याच्या गिलाव्याचे, मुद्दाम उतार दिलेले. पावसाचा थेंबन् थेंब त्या उतारावरून हौदात. ज्या सडकेवरून आपण चालत आलो, तोच बंधारा. चुना तिथेही होता, भाकरीतही होता.

एका हौदात तर त्यांनी पाणी गाळायला लांबून गारगोटीची वाळू आणि झिओलाइट नावाचं खनिज आणून घातलं होतं. हे २०२० साली शास्त्रज्ञांनी छापलं. त्याच वर्षी हेही छापलं की राजवाड्याजवळच्या हौदांत पारा सापडला. भिंतींना, कबरींना लावायचा लाल रंग हिंगुळाचा, म्हणजे पाऱ्याच्या खनिजाचा, तो पावसाने धुऊन पाण्यात गेला. म्हणजे सगळ्यात देखणं पाणी सगळ्यात विषारी. नवव्या शतकात पाऊस वारंवार दगा देऊ लागला. टिकालच्या शिळेवरची शेवटची तारीख ८६९ची. नंतर लोक पांगले.

मी तिथे उभी राहून बहात्तर सालच्या दुष्काळात गेले होते. मी दहा वर्षांची. विहिरीच्या तळाला आई उतरायची आणि वाटीने कळशी भरायची. खडी फोडायच्या कामावर मिळणारी सुकडी, आणि परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या न तुटणाऱ्या भाकऱ्या. आमच्या वाडीतली निम्मी घरं तेव्हा मुंबईला गेली, काही परतलीच नाहीत. त्यांच्या घरांच्या भिंतींवरही झाडं उगवली. कुणी बघायला येत नाही, कारण ती घरं दगडमातीची होती आणि तिथे राजा नव्हता. हे मी तुम्हाला मोडकंतोडकं सांगितलं. तुम्ही मध्ये बोलला नाहीत. शेवटी एवढंच विचारलंत, ‘विहिरीला आता पाणी आहे?’

दादा, आजवर मी कुणाला बहात्तर सालचं सांगितलं की लोक ‘अरेरे’ म्हणतात. विहिरीचं पुढे काय झालं, हे तुम्ही पहिल्यांदा विचारलंत. तेव्हा मला उत्तर देता आलं नाही, गळा दाटला होता. आता देते. आहे. बांधबंदिस्ती झाली, शिवार अडवलं, फेब्रुवारीपर्यंत पाणी असतं. मार्चनंतर टँकर.

निघताना मी तुमच्या हातात पन्नास केत्साल ठेवले. मुलगी म्हणाली, फार कमी दिलेस. मला परतीच्या व्हॅनमध्ये आणि नंतर विमानातही तेच खुपत राहिलं. छत्रीसुद्धा चिखलाची तशीच परत केली, पुसायचं भान राहिलं नाही.

तुम्ही मला आईच्या भाषेतला आभाराचा शब्द शिकवला होता. तो मी तिकिटाच्या मागे देवनागरीत लिहून ठेवला आहे, उच्चार चुकला असेल तर बाईंना माफ करा. बांत्योश.

मुलगी डिसेंबरात पुन्हा ह्यूस्टनला बोलावते आहे. आले तर गुडघ्याचं काही सांगता येत नाही, पण चौथ्या मंदिराच्या तळाशी त्या बाकापर्यंत नक्की येईन. लाडू या खेपेला डबाभर आणते. तुम्ही तेवढी भाकरी आणा, घेवडा थोडा जास्त.

तुमची,
डहाणूच्या शाळेतल्या बाई