कार्बन फूटप्रिंट मोजायचा तर मीटरपासून सुरुवात करा

मा. संपादक,
स. न.

कार्बन फूटप्रिंट, म्हणजे आपल्या वापरामुळे हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडसारख्या वायूंचा हिशेब, काढून देणारी ॲप आता ढिगाने आहेत. पाच-सात प्रश्न विचारून ती वर्षाचा आकडा सांगतात, पण तो बहुतेक सरासरीवरून आलेला असतो. वापर खरोखर घटला तरी त्यात तो दिसेलच असे नाही. वर्षावर्षाची तुलना करायची असेल तर साधी वही बरी.

विजेच्या बिलावर विसंबू नये. मीटर वाचला गेला नाही की बिल अंदाजाने निघते, शिवाय दोन बिलांमधले दिवस सारखे नसतात. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला मीटरवरचा आकडा स्वतः टिपावा आणि वापर घरातल्या माणसांत विभागावा. गाडीचे इंधन कंपनीने सांगितलेल्या मायलेजवरून काढले तर बहुधा कमी भरते. पंपावर भरलेले लिटरच लिहावेत, आणि हिशेबाच्या सुरुवातीला व शेवटी टाकी पूर्ण भरावी.

पुढे नुसता गुणाकार. लिटरभर पेट्रोल जळले की साधारण 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड, डिझेलचा 2.7, तर किलोभर एलपीजीचा सुमारे 3 किलो. पाऊण किलो वजनाच्या पेट्रोलमधून इतका वायू कसा, ही शंका रास्त आहे. 12 ग्रॅम कार्बन हवेतला 32 ग्रॅम ऑक्सिजन घेतो आणि वजन 44 ग्रॅम होते. तेल उपसणे, शुद्ध करणे, वाहून आणणे यांचे उत्सर्जन यात नाही. ते धरायचे तर दर वर्षी धरावे.

खरा घोळ विजेच्या गुणकात, म्हणजे युनिटमागे किती कार्बन डायऑक्साइड धरायचा त्या आकड्यात होतो. कोळशावरच्या ग्रिडमध्ये (वीजपुरवठ्याच्या जाळ्यात) तो युनिटमागे 700 ग्रॅमच्या वर असू शकतो, तर जलविद्युत किंवा अणुवीज मुख्य असेल तिथे 100 ग्रॅमच्याही खाली. तो दर वर्षी बदलतो. नवा गुणक लावला आणि आकडा घसरला, तर त्यातले श्रेय ग्रिडचे किती आणि घराचे किती? म्हणून युनिट कायम वेगळ्या रकान्यात ठेवावेत आणि दोन्ही वर्षे एकाच गुणकाने ताडून पाहावीत.

एसीतला गॅस तर बहुतेकांच्या हिशेबातच नसतो. आर-410ए हा वायू किलोभर गळला तर परिणाम सुमारे 2 टन कार्बन डायऑक्साइडइतका, म्हणजे जवळपास 900 लिटर पेट्रोल जाळल्यासारखा! आर-32 चा साधारण त्याच्या एक तृतीयांश. दुरुस्तीच्या वेळी किती ग्रॅम गॅस भरला ते विचारून लिहावे. मेकॅनिकने उरलेला गॅस हवेत सोडून नव्याने भरला असेल, तर तोही याच आकड्यात येतो.

कपडे, उपकरणे यांचा अंदाज बहुधा खर्चावरून बांधतात. तोच शर्ट महाग मिळाला की कार्बन वाढलेला दिसतो, त्यामुळे हा आकडा मोजलेल्या आकड्यांत मिसळू नये. विकत घेतलेली कार्बन क्रेडिट्सही, म्हणजे इतरांनी घटवलेल्या उत्सर्जनाची प्रमाणपत्रे, वेगळी लिहावीत, वजा करू नयेत.

आपला,
एक ऊर्जा लेखापरीक्षक